जीपला डिझेल इंजिन बसवलंय पण ब्रेकचं काय? उद्यमनगरातल्या ब्रेकवाल्या मेस्त्रींच्या कामाचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप आहे आणि मूळ इंजिन काढून आत बोलेरोचं नाहीतर मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक छोटं वर्कशॉप आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा, काम फक्त जुन्या जीपा आणि त्यातही बहुतेक ब्रेक आणि स्टिअरिंगचं. नाव इथे टाकत नाही कारण मालकांनी स्वतःच सांगितलंय की ताई नाव नको, आहे तेच काम उरकत नाही. पण उद्यमनगरात जुन्या जीपच्या ब्रेकचे मेस्त्री कुठं बसतात असं कुठल्याही लेथवाल्याला विचारलंत तरी बरोबर पोचाल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आधी गाडी काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटवाली. त्या बॉनेटची उंची शोभेची नव्हे हो, विलीज या मूळ अमेरिकन जीप कंपनीचं हरिकेन पेट्रोल इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं, आणि आज त्याच उंचीमुळे खाली डिझेल इंजिन आरामात मावतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजमधून बोलेरोचं २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो इंजिन बसवून घेतलं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंग हे काम खरंच चांगलं झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच लोकांनी जाता जाता ब्रेकला बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) लावून दिला आणि चाकांत मात्र नऊ इंची जुने ब्रेक ड्रम तसेच ठेवले, आणि तिथून सगळा घोळ सुरू.

इंजिन बदललं की लोक गिअर रेशो बघतात, रेडिएटर बघतात, ब्रेककडे शेवटी वळतात आणि मला हे अजिबात पटत नाही. डिझेलचा बिडाचा ब्लॉक, टर्बो, मोठी बॅटरी हे सगळं पुढच्या अॅक्सलवर बसतं. गाडी आधी ताशी साठला रडायची ती आता ऐंशीला निवांत पळते, आणि साठवरून ऐंशीवर गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्याही थोडी वर जाते, कारण वेगाचा वर्ग होतो. त्यात डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटलचा पडदा नसतो, त्यामुळे अॅक्सिलेटरवरून पाय काढल्यावर पेट्रोल इंजिन जसं गाडी धरून ठेवतं तसं हे धरत नाही, घाटात फरक लगेच कळतो. आणि चौथी गोष्ट व्हॅक्यूमची, ती तर मूळ कारणच निघाली आमच्या गाडीत.

तर लक्षणं अशी होती. पेडल दगडासारखं कडक. पहिल्या दाबात बराच खाली जायचं आणि मग कडक व्हायचं. गाडी डावीकडे ओढायची. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे पंधरावीस किलोमीटर चालली की चारही चाकं आपोआप धरायला लागायची, पिकअप मेल्यासारखा, थांबून हात लावला तर ड्रम तापलेले, अर्धा तास उभी केली की परत मोकळी. यासाठी एका गॅरेजने चारही व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक ढकलणारे) बदलले, दुसऱ्याने होज पाइप बदलले, मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा) किट पण टाकून झालं, फरक शून्य.

मेस्त्रींचं पहिलं वेगळेपण इथे दिसलं. बाकी सगळीकडे गाडी आत घेतली की आधी चाक उतरवतात. यांनी चाकाला हात पण लावला नाही. मला म्हणाले, "ताई, तुम्हीच बसा आत, गाडी बंद ठेवा, पाचसहा वेळा पेडल मारा आणि मग दाबून धरा. आता तसंच धरून स्टार्ट करा." बूस्टर चांगला असेल तर इंजिन सुरू झाल्याबरोबर पायाखाली पेडल थोडं खाली सरकायला पाहिजे, व्हॅक्यूम मदतीला येतं म्हणून. आमचं जागचं हललं नाही. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, बूस्टरच्या पाइपवर बोट ठेवून पाइप कुठं जातोय ते शोधत गेले आणि थेट इंटेक मॅनिफोल्डला पोचले.

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण पेट्रोलचं डिझेल केलेल्या अनेक गाड्यांत हे असंच असणार. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतं, म्हणून पेट्रोल गाड्यांचा बूस्टर मॅनिफोल्डला जोडतात. डिझेलमध्ये थ्रॉटलच नाही, हवा मोकळी आत येते, मग व्हॅक्यूम येणार कुठून? त्यात टर्बो असेल तर रेस दिल्यावर मॅनिफोल्डमध्ये उलट प्रेशर तयार होतं. बूस्टरच्या तोंडावरचा एकदिशा व्हॉल्व्ह ते प्रेशर आत जाऊ देत नाही एवढंच नशीब. म्हणजे आमच्या गाडीत बूस्टर होता, चकचकीत होता, आणि काम काडीचं करत नव्हता. डिझेलसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि या डीआय इंजिनाच्या अल्टरनेटरच्या मागेच तो बसवलेला असतो, इंजिनचं ऑइल त्यातून फिरतं. मेस्त्रींनी टॉर्च मारून अल्टरनेटरच्या मागे बघितलं तर पंप जागेवर होता आणि त्याच्या तोंडाला रबराचा तुकडा घालून वरून क्लिप आवळलेली. इंजिन बसवताना कुणीतरी बंद केलेलं तोंड, नंतर कुणी उघडलंच नाही.

आणि मेलेला बूस्टर हा बूस्टर नसण्यापेक्षा वाईट असतो, हे मला त्यांनी कागदावर काढून दाखवलं, ते मला फार आवडलं म्हणून इथे देतेच. बिनबूस्टरच्या गाडीचं पेडल साधारण सहाला एक असं बनवतात, म्हणजे पायाने २५ किलो जोर दिला तर मास्टरवर १५० किलो पोचतात. बूस्टरवाल्या पेडलचा रेशो चाराच्या आसपास असतो कारण बाकीची मदत बूस्टर करणार असतो. तोच मेला तर मास्टरवर फक्त १०० किलो. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, एक इंच धरला तर त्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर, म्हणजे लाइनमध्ये चौरस सेंटिमीटरला तीसच्या जागी वीस किलोचंच प्रेशर. पाय तोच, जोर तोच, ब्रेक एक तृतीयांशाने कमी. मोठा मास्टर टाका, ब्रेक वाढतील असं सांगणारे भरपूर आहेत, ते उलट आहे. बोअर मोठा केला की पेडलचा प्रवास कमी होतो पण प्रेशर उतरतं आणि पेडल अजून कडक होतं. आम्हाला आधीच्या एका ठिकाणी हाच सल्ला मिळाला होता.

पंप जोडण्याआधी त्यांनी तो उघडला. आतल्या पात्या थोड्या झिजलेल्या होत्या आणि ओ-रिंग कडक झालेली, ती बदलली. ऑइल जायचा आणि परत यायचा पाइप फुंकून बघितला, कारण परतीचा पाइप मुडपला असेल तर पंपात ऑइल साठतं आणि व्हॅक्यूमच्या पाइपमधून बूस्टरमध्ये जातं आणि आतला रबरी पडदा फुगून जातो. मग पांढरा फडका पाइपच्या तोंडाला धरून इंजिन रेस केलं, ऑइलचा शिंतोडा येतोय का बघायला. नंतर गेज लावला, पाऱ्याच्या साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास काटा स्थिर राहिला. पेडलवर पाय ठेवला तर गाडीच दुसरी वाटली.

पण आपोआप धरण्याचं दुखणं तसंच होतं. त्यासाठी त्यांनी मला गाडी गरम करून आणायला सांगितलं, थंड गाडीवर हे कळत नाही म्हणाले. उजळाईवाडीपर्यंत जाऊन आले, येताना धरायला लागलीच. आल्याबरोबर पुढचा एक भाग जॅकवर घेतला, चाक दोन्ही हातांनी फिरेना. आणि मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. चाकाकडे गेलेच नाहीत, बॉनेटमध्ये वाकून मास्टर सिलिंडर ज्या दोन नटांनी बूस्टरला बसवलेला असतो ते नट थोडे ढिले केले, मास्टर जेमतेम एखाद मिलिमीटर पुढे सरकला असेल, आणि दुसऱ्या हाताने हाताखालच्या पोराला खूण केली. पोराने एका बोटाने चाक फिरवलं आणि ते गरगर फिरलं.

कारण असं. मास्टरच्या आत पिस्टनच्या तोंडाशी एक अगदी बारीक भोक असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते भोक उघडं होतं आणि लाइनमधलं जादा ब्रेक ऑइल टाकीत परत जातं. बूस्टरमधून मास्टरला ढकलणारा जो दांडा असतो तो एक केसभर जरी लांब असला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलंच राहतं. थंड असताना काही कळत नाही. गाडी चालली, ऑइल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही, मग ते व्हील सिलिंडरच ढकलतं, शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) ड्रमला घासतात, अजून तापतं आणि चक्र चालू. आमच्याकडे बूस्टर एका गाडीचा आणि मास्टर दुसऱ्या गाडीचा, दांड्याची लांबी कुणी जुळवलीच नव्हती. व्हील सिलिंडर आणि होज बदलून फरक पडणार कसा?

दांडा जुळवायची त्यांची पद्धत म्हणजे लहान मुलांची रंगीत खेळायची माती. तिची एक गोळी दांड्याच्या टोकावर ठेवायची, मास्टर बसवून आवळायचा, परत काढायचा आणि गोळी किती चेपली ते व्हर्निअरने मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास मोकळीक येईपर्यंत टोकाचा स्क्रू फिरवत राहिले. तुम्हाला घरी एवढं करायचं नसेल तर किमान दुखणं कुठं आहे ते तरी नीट शोधून घ्या. गाडी गरम होऊन धरली की क्रमाने बघायचं. मास्टरचे नट ढिले केल्यावर चाकं सुटली तर दांडा. नाही सुटली तर मास्टरवरचं पाइपचं युनियन (पाइप जोडणारा नट) ढिलं करा, तिथे सुटली तर मास्टरच्या आतच अडलंय. तिथेही नाही सुटली आणि फक्त चाकाजवळचा ब्लीडरचा, म्हणजे हवा काढायचा, निपल उघडल्यावर सुटली तर त्या चाकाचा होज आतून फुगून बंद झालाय, बाहेरून तो अगदी नवा दिसत असला तरी. आणि निपल उघडूनही चाक घट्टच असेल तर भानगड ऑइलची नाहीच, शूची स्प्रिंग, गंजलेला सिलिंडर किंवा अॅडजस्टर बघा.

पेडल खाली जाण्याचं कारण अजून वेगळं निघालं. मी पेडल दाबत होते आणि मेस्त्रींनी बूस्टरच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) तळहात ठेवला होता, म्हणाले इकडे येऊन तुम्ही ठेवा हात. मी ठेवला आणि पोराला पेडल दाबायला सांगितलं तर पत्रा हाताखाली चक्क श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होत होता. जीपचा मूळ मास्टर फळीखाली चासीला बसवलेला असायचा, जोर चासीवर जायचा. आता पेडल वरून लोंबणारं आणि बूस्टर फायरवॉलवर, पण तो पत्रा या जोरासाठी बनवलेलाच नाही. पायाचा निम्मा प्रवास पत्रा वाकवण्यात जात होता आणि सगळे म्हणत होते हवा आहे, एअर काढा. त्यांनी आतून-बाहेरून जाड प्लेट घातली आणि खाली चासीपर्यंत एक ब्रॅकेट नेला. वेल्डिंग साफ आहे, रंग मात्र मलाच मारावा लागला.

आता अपग्रेडचं. मी जाताना डिस्क ब्रेकच डोक्यात घेऊन गेले होते. जिप्सीच्या आणि जीपच्या चाकाचे पाचही बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावरच येतात त्यामुळे जिप्सीची डिस्क जीपला लावायची कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. मेस्त्री नाही म्हणाले नाहीत. त्यांनी सांगितलं की डिस्क लावतो पण कॅलिपरचा (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग) ब्रॅकेट मला बनवावा लागेल, तो स्टिअरिंगच्या नकलवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या भागावर बसेल, आणि घरी बनवलेल्या ब्रॅकेटवर तुमचा जीव ठेवायचा तर तो मी घाईत बनवणार नाही, दोन महिने थांबा. आणि दुसरा पर्याय म्हणजे महिंद्राच्याच नंतरच्या जीपांचे अकरा इंची ड्रम चारही चाकांना, बॅकप्लेटसकट, ते बसतात. मी अकरा इंची घेतले आणि मला तो निर्णय अजूनही बरोबर वाटतो. नदीतून, चिखलातून काढल्यावर डिस्क लवकर कोरडी होते आणि लांब घाटात कमी दमते हे खरं आहे, ज्यांना सतत ट्रेलवर जायचंय त्यांनी डिस्कच करावी. पण बूस्टर चालू, ड्रम मोठे आणि शू नीट बसलेले असतील तर या वजनाच्या गाडीला ड्रम पुरतात.

ड्रम सेकंडहँड घेतले, दोन पुण्याहून नाना पेठेतून आणि दोन इथलेच. लेथवर लावून बघितले तेव्हा पुढच्या दोघांत डाव्या-उजव्याचा व्यास सरळ सरळ वेगळा होता, एक आधी कुणीतरी जास्त कापलेला. असे ड्रम जोडीने बसवले की गाडी एका बाजूला ओढणारच. आमची गाडी आधी डावीकडे ओढायची त्यात जुन्या ड्रममधला असाच फरक हे एक कारण होतं, दुसरं म्हणजे उजव्या चाकाच्या सीलमधून ग्रीस येऊन लायनर (शूवरचा घासणारा थर) बरबटलेलं. मेस्त्रींनी जास्त कापलेला ड्रम परत केला आणि दुसरा आणायला लावला, जोडी एका मापात कापली. आणि मग नवीन लायनर ड्रमच्या मापाने घासून घेतले. हे काम आजकाल कुणी करत नाही. ड्रमच्या आत खडू फिरवायचा, शू धरून हलवायचा, जिथे पांढरं लागलं तिथे टेकतंय, बाकीचं नाही. पहिल्यांदा बघितलं तर फक्त मधल्या दोन बोटांच्या पट्ट्यावर खडू उमटला होता. घासत घासत शूच्या बहुतेक सगळ्या लांबीवर खडू येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही, त्याच्यातच एक आख्खी दुपार गेली. धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्याने पुसत होते आणि तोंडाला रुमाल बांधला होता, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

व्हील सिलिंडरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विलीजच्या मूळ ब्रेकमध्ये पुढचा सिलिंडर एक इंची आणि मागचा पाऊण इंची असतो. जोर क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे पुढे १६ तर मागे ९ असं प्रमाण. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून मागे कमी जोर. आमच्या गाडीत आधीच्या गॅरेजने चारही चाकांना पुढचेच सिलिंडर लावलेले, मिळाले ते लावले. या जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच, पावसात मागची चाकं आधी लॉक झाली की ती जागच्या जागी आडवी होते, आणि मला तो अनुभव गगनबावड्याच्या रस्त्यावर आलेला होता. तेव्हा सगळे टायरला दोष देत होते आणि मी ऐकत होते. आता अकरा इंचीला सिलिंडरची मापं वेगळी आहेत पण मागचा पुढच्यापेक्षा लहान हे तत्त्व तेच ठेवलंय, आणि मेस्त्रींनी लावण्याआधी चारही सिलिंडरचा बोअर मला व्हर्निअरवर दाखवला. डब्यावर लिहिलंय त्यावर विश्वास नाही म्हणाले.

पाइप सगळे नवे, स्टीलचे, डबल फ्लेअर केलेले, म्हणजे तोंड दुहेरी दुमडून पसरवलेले. आधी तांब्याचे होते. तांबं वाकवायला सोपं म्हणून सगळीकडे तेच वापरतात, पण डिझेलच्या थरथरीने ते हळूहळू कडक होतं आणि युनियनजवळ चीर पडते. मागच्या चाकांना जाणारा पाइप सायलेन्सरच्या अगदी कडेने गेलेला होता कारण इंजिन बदलल्यावर सायलेन्सरची वाट बदलली आणि पाइप तिथेच राहिला. तो चासीच्या दुसऱ्या बाजूने नेला. मास्टर टँडम आहे, पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी, एक फुटली तरी दुसरी राहते. मूळ सिंगल मास्टरवर फिरणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, बाकी काही करू नका पण एवढं तरी करा.

ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ २३०ला, आणि पाणी शोषल्यावर दोन्ही बरेच खाली येतात, १४० आणि १५५. म्हणून उघडा डबा वर्षभर फडताळात ठेवून तोच टाकत राहू नका. रबरी भाग त्यांनी ब्रेक ऑइलमध्येच धुतले, डिझेल किंवा पेट्रोलमध्ये नाही. डिझेलमध्ये धुतलं की ते रबर फुगतं, नव्या किटची वाट लागते आणि दोष कंपनीला जातो. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, आणि पेडल सावकाश, दणादण मारून नाही.

ट्रायलला आंबा घाटात गेलो, कोल्हापूरकडून साखरप्याला उतरायचं. मेस्त्री स्वतः बाजूला बसले होते, मी चालवत होते. लायनर अजून पूर्ण बसलेले नव्हते त्यामुळे पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात दाबायचं नाही असं सांगितलेलंच होतं, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये धरून, थोडं दाबून सोडून असं उतरलो. खाली थांबल्यावर त्यांनी टेंपरेचर गन लावून चारही ड्रम बघितले. पुढचे दोन जवळजवळ सारखे, मागचे दोन त्यापेक्षा थंड आणि आपसात सारखे. पेडलची उंची घाटाच्या वर होती तीच खाली. हात सोडून सरळ रस्त्यावर ब्रेक मारून बघू नका असं ते म्हणाले, हातात हलकं स्टिअरिंग धरून बघा, ओढते का. नाही ओढली. परत येताना मलकापुरात चहाला थांबलो तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, इतके दिवस ही गाडी उतारावर न्यायची म्हटलं की घरातले बसायला तयार नसायचे.

आता अर्धा गुण का कापला. वेळ. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळणार नाही हे गृहीत धरा, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागतं. पार्टचं बिल मिळतं पण मजुरी आणि लेथचं काम तोंडी हिशोबात, मागितल्यावर साध्या कागदावर लिहून दिलं. सगळं मिळून पाच आकडी खर्च आला, त्यात मोठा वाटा मजुरीचा आणि लेथचा, पार्ट त्या मानाने स्वस्त. मला ते बरोबरच वाटलं, कारण आधी जे पैसे घातले ते सगळे पार्टमध्येच गेले होते आणि डोकं कुणी लावलं नव्हतं. पण ज्यांना शोरूमसारखी पावती, मेसेज, वॉरंटी कार्ड हवंय त्यांची इथे चिडचिड होईल. जुने काढलेले पार्ट मात्र न मागता पोत्यात भरून गाडीत ठेवले, हे मला प्रामाणिक वाटलं.

कागदपत्रांचं पण सांगते, कारण तिथे गेलेल्या एकाची गाडी त्यांनी माझ्यासमोर परत पाठवली. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल, इंजिन नंबर आणि इंधन जुळत नसेल तर ते काम घेत नाहीत. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असा बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाबतीत कडक भूमिका घेतलीय. नोंद नसलेली गाडी असेल तर ब्रेकच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात.

शेवटी हँडब्रेक. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो त्यावर लागतो. त्याच्या मागचं सील गळत असेल तर लायनर ऑइलमध्ये भिजतं आणि कितीही ओढा धरत नाही, आमचं सील बदललं आणि लायनर नवं टाकलं, आता आमच्या गल्लीच्या चढावर उभी राहते. पण मागचं एक चाक जॅकवर उचललंत की हा हँडब्रेक निरुपयोगी आहे, कारण डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी घसरू शकते. पंक्चर काढताना बाकीच्या चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक फिरवू नका. मेस्त्रींनी गाडी ताब्यात देताना सीटखाली लाकडाचे दोन पाचर ठेवून दिले होते, त्याचे पैसे लावले नाहीत. पाचशे किलोमीटर झाल्यावर शू परत अॅडजस्ट करायला बोलावलंय, आणि पावसाळा संपला की चारही ड्रम उघडून चिखल काढायचा असं ठरलंय.